मदत हवी आहे : आठवीतल्या भाचीला कमी दिसतं, पुस्तकं तीन लिप्यांत. फुकट किंवा स्वस्तातलं काय वापरता येईल?

मलप्रभेकाठचा

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

भाची आठवीत आहे. मराठी माध्यम, कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याचा खानापूर तालुका, जांबोटीच्या वरच्या अंगाचं गाव. जन्मतः दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन झालं, पण उशिरा झालं. आता जाड चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/६० आहे. म्हणजे आपल्याला साठ मीटरवरून वाचता येणारं अक्षर वाचायला तिला सहा मीटरवर यावं लागतं. शिवाय बुबुळं सारखी हलतात, त्यामुळे ओळ सुटते. पुस्तक नाकाला टेकवून वाचते आणि अर्ध्या तासात डोकं धरून बसते. ऐकलेलं मात्र विसरत नाही. पोरीला डोकं आहे, हे मी मामा म्हणून सांगत नाही, तिचे गणिताचे सरही सांगतात.

खरी गोची तीन लिप्यांची. मराठीत अनुस्वार आणि रफार तिला दिसतच नाहीत, घ आणि ध ती वाक्याच्या अंदाजाने ओळखते. कन्नडमध्ये ओत्तक्षर म्हणजे जोडाक्षराचा दुसरा भाग अक्षराच्या पायाशी बारीक लिहितात, तिथे तर ती रडकुंडीला येते. इंग्रजी त्यातल्या त्यात सोपं जातं, अक्षरं सुटी असतात म्हणून. गंमत बघा, घरात कुणालाच धड न येणारी भाषा तिला वाचायला सगळ्यात सोपी!

आतापर्यंत केलेले उद्योग असे. जत्रेतलं भिंग आणलं, एका वेळी दोन अक्षरं दिसतात, बाकी सगळं वाकडं. पाठ्यपुस्तकाची पीडीएफ मोबाइलवर घेतली, मोठी करून वाचली तर बरं वाटतं, पण पान सारखं इकडून तिकडे सरकवावं लागतं. फोनला मोठ्याने वाचायला लावलं तर तो भलतंच काहीतरी बरळतो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर हिंदी आवाज होता, त्याला मराठी धडा दिला. 'विज्ञान'चं 'विग्यान' केलं आणि 'बाळ'चा उच्चार ऐकून पोरगी पोट धरून हसली. तेवढीच करमणूक. शहरातल्या एका दुकानात स्क्रीनवाल्या भिंगाची किंमत विचारली आणि आकडा ऐकून मुकाट्याने बाहेर आलो.

आमची ऐपत पाच-सहा हजारांची. पावसाळ्यात लाईट आणि नेट दोन्हींचा भरवसा नाही. शाळेत मोबाइल चालत नाही. अशात काय करता येईल? आणि एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या परीक्षेच्या वेळी काही सवलत मिळते का? कन्नड बंद करा, इंग्रजी माध्यमात घाला, महाराष्ट्रात पाठवा असे सल्ले कृपया नकोत, ते घरबसल्या भरपूर मिळतात. सीमाप्रश्नही इथे नको, त्याला दुसरे धागे आहेत.

कोथरूडकर

बालभारतीची सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत आहेत की. ती उतरवून घ्या.

मलप्रभेकाठचा

ताई, ती महाराष्ट्राची. आमची पुस्तकं मराठीत असली तरी कर्नाटकची, अभ्यासक्रम वेगळा. गोष्टी वाचायला उतरवून घेतो, पण परीक्षेला त्या चालणार नाहीत.

सहा_ठिपके

मी मूळचा निपाणीचा, आता कोल्हापुरात बँकेत आहे. मला अजिबात दिसत नाही, हे उत्तर स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर ऐकत लिहितोय. तेव्हा अनुभवाचे बोल समजा.

आधी तुमचा फोन बरळतो का ते सांगतो. पीडीएफ जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये असली तर कागदावर 'क' दिसतो, पण फाइलच्या पोटात तिथे भलतंच इंग्रजी चिन्ह असतं. वाचणारं सॉफ्टवेअर अक्षराचा आकार बघत नाही, पोटातलं वाचतं. मराठीत श्रीलिपी आणि कन्नडमध्ये नुडीत टाइप केलेल्या जुन्या फायलींची हीच रड. खात्री करायची तर एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. कचरा उमटला, तर रोग तोच.

उपाय फुकट आहे, किचकट नाही पण वेळखाऊ आहे. पानाचा फोटो किंवा स्क्रीनशॉट घ्या. तो गूगल ड्राइव्हवर चढवा आणि कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून गूगल डॉक्समध्ये उघडा. चित्रातली अक्षरं ओळखून खाली युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोनला नीट वाचता येईल असा मजकूर येतो, मराठीही आणि कन्नडही. थेट पीडीएफ चढवू नका, कधी कधी तो पोटातला कचराच उचलला जातो. नंतर कुणीतरी डोळसाने एकदा नजर फिरवायला हवी, अनुस्वार इथेही पडतात. गणिताची सूत्रं आणि आकृत्या यातून नीट येत नाहीत, तो नाद सोडा. एखादाच परिच्छेद हवा असेल तर गूगल लेन्सने मजकूर निवडून ऐकता येतो.

आता आवाज. नेट नसताना चालायला हवं, म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये 'टेक्स्ट टू स्पीच' शोधा आणि गूगलच्या आवाजात मराठी आणि कन्नड या दोन्हींचा डेटा शहरात वायफायवर असतानाच उतरवून ठेवा. 'विग्यान' बंद होईल. तिला थोडं दिसतं, त्यामुळे टॉकबॅक म्हणजे फोनचा पूर्ण स्क्रीन रीडर लगेच लावू नका, स्पर्शाच्या सगळ्या खुणा बदलतात आणि मूल वैतागतं. 'सिलेक्ट टू स्पीक' लावा, बोट ठेवलं तेवढंच वाचतं. अक्षर मोठं करायला तिथेच 'मॅग्निफिकेशन' आहे.

लॅपटॉपवर विंडोजचं भिंग आहेच, विंडोजची कळ आणि अधिकचं चिन्ह दाबा. आवाजासाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर उतरवा. पूर्ण मोफत आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी २००६ मध्ये सुरू केलं, ते स्वतः अंध आहेत. त्यातला ईस्पीक आवाज मराठी आणि कन्नड बोलतो, नेट लागत नाही. पण आवाज पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा आहे, पहिले आठ दिवस डोकं उठतं, मग सवय होते. गोड आवाज हवा तर एज ब्राउझरचं 'रीड अलाउड' बघा. मराठीत आरोही आणि मनोहर, कन्नडमध्ये सपना आणि गगन असे आवाज आहेत, पण त्यांना नेट लागतं. म्हणजे तुमच्याकडे उन्हाळ्यात आरोही, पावसाळ्यात पत्र्याचा डबा.

मांडे_आधी_कुंदा_नंतर

माझा मुलगाही असाच, आता पीयूसीला (अकरावी-बारावी) आहे. वरच्या दादांनी सगळं सांगितलंय, मी घरातलं सांगते.

काळा जाड पुठ्ठा घ्या. त्यात ओळीच्या उंचीची लांब फट कापा आणि पानावर ठेवा. एकच ओळ दिसते, बाकीचं पांढरं झाकलं जातं. ओळ सुटायची थांबते आणि कागदाची चमकही कमी होते. आम्ही मराठीला एक आणि कन्नडला ओत्तक्षरासाठी जरा रुंद फटीचा दुसरा, असे दोन केले होते. रद्दीतला पुठ्ठा, खर्च शून्य. सुताराकडून उतरतं लाकडी स्टँड करून घ्या, पोथी ठेवतो तसं. पुस्तक डोळ्याजवळ येतं, मान खाली जात नाही. डोकं दुखतं त्यात मानेचाही वाटा असतो. दिवा समोरून नको, बाजूने, खांद्यामागून. वहीला काळ्या स्केचपेनने ठळक रेघा आखून द्या. रविवारी दुपारी आमचे हे रेघा आखत बसायचे, घरात तेवढीच शांतता!

जत्रेतलं भिंग टाकून द्या. डॉक्टरांकडून नंबर काढून पानावर टेकवून ठेवायचं स्टँडवालं भिंग घ्या, हात थरथरला तरी अंतर बदलत नाही.

निवृत्त_गुरुजी_चिकोडी

कागदपत्रांचं बोलतो, कारण सॉफ्टवेअर फुकट मिळालं तरी परीक्षेच्या हॉलमध्ये कागदच लागतो.

मुलीचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे केंद्राचं दिव्यांग ओळखपत्र काढलंय का? नसेल तर आधी ते. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, तपासणी सरकारी दवाखान्यात होते, तुमच्याकडून जिल्हा रुग्णालय म्हणजे बेळगावचं बिम्स. कार्ड देशभर चालतं, उद्या मुलगी कोल्हापूरला शिकायला गेली तरी नवा दाखला नको. ४० टक्के किंवा त्यावर प्रमाण आलं की पुढची दारं उघडतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १७ मुख्याध्यापकांना दाखवा. अठरा वर्षांपर्यंत पुस्तकं आणि योग्य साधनं मोफत, परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, सगळं त्यात लिहिलंय. केंद्राच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जादा सांगितली होती, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. पण ऐन परीक्षेत मागून मिळत नाही. बोर्डाचं त्या वर्षीचं परिपत्रक आणि नमुना नववीपासूनच शाळेकडून घ्या. अर्ज कन्नडमध्ये असतात, भरून घ्यायला लाजू नका, आम्ही सगळ्यांनी कुणाकडून तरी भरून घेतलेत.

दुसरं, बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) ऑफिसला जाऊन बीआयईआरटी कोण आहेत ते विचारा. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी तालुक्याला नेमलेले शिक्षक. साधनं द्यायची शिबिरं कधी आहेत ते त्यांना ठाऊक असतं. त्यांच्याकडे गावं ढीगभर असतात, तेव्हा ते तुमच्या दारी येतील याची वाट बघू नका.

आणि फळ्याचं. मोबाइल शाळेत नेता येत नसेल तर सरांनी लिहिताना तोंडाने बोलावं एवढीच विनंती करा. पहिला बाक नुसता देऊन भागत नाही, खिडकीची तिरीप डोळ्यांवर येत नाही ना तेही बघा.

मलप्रभेकाठचा

कन्नडमधून सूट घ्यावी का, यावर घरात दोन तट पडलेत. माझं मत नको असं आहे. बोलायला ती फाडफाड बोलते, तिची जिवलग मैत्रीणच कन्नड. अडतं ते लिहिलेल्याशी. उद्या इथेच नोकरी करायची तर कन्नड लागणार.

सहा_ठिपके

मग आत्ताच सोडू नका. टॉकबॅक कधी लावलंच तर त्याच्या मेनूत बोलण्याची भाषा बदलता येते. लेखी सरावाला गूगल कीबोर्डवर कन्नडमध्ये बोलून टाइप करू द्या आणि आलेलं मोठ्या अक्षरात वाचू द्या. स्वतःचंच वाक्य असल्यामुळे ओत्तक्षर ओळखू येतं. मीही इंग्रजी स्पेलिंग असंच शिकलो, फक्त वाचून नाही, ऐकून. आणि सुगम्य पुस्तकालयाचं सभासदत्व घ्या. २०१६ पासून चालू आहे, छापील वाचता न येणाऱ्यांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय आहे, मराठी पुस्तकंही मिळतील.

मलप्रभेकाठचा

अठरा दिवसांनी लिहितोय. मधे नेट नव्हतं, ते तुम्हाला सवयीचं झालंच असेल.

व्हॉट्सॲपमध्ये ओळ पेस्ट केली, कचराच आला. विज्ञानाचे दोन धडे फोटो काढून डॉक्समध्ये केले. एका धड्याला मला दीड तास लागला, त्यातला निम्मा वेळ अनुस्वार लावण्यात गेला. आता बेळगावातल्या माझ्या पतसंस्थेतला एक पोरगा रोज एक पान करून देतो म्हणालाय. भाची सिलेक्ट टू स्पीकवर धडा ऐकते आणि पुढ्यात पुठ्ठ्याच्या फटीतून तीच ओळ बघते. दोन्ही एकदम चालवायचं तिनेच शोधलं. कन्नडला पुठ्ठ्याची फट मी अरुंद कापली होती, तिने ओरडून सांगितलं, "मामा, पाय कापलास की अक्षराचे!" दुसरा पुठ्ठा केला.

सुताराने स्टँडचे साडेतीनशे घेतले. यूडीआयडीचा अर्ज टाकलाय, तपासणीची तारीख यायची आहे. मुख्याध्यापकांना कलम १७ दाखवलं, त्यांनी झेरॉक्स ठेवून घेतली आणि सरांना बोलत लिहायला सांगितलं. गणिताचे सर आधीपासूनच बोलतात, इतिहासाचे सर दोन दिवस बोलले.

आता अडलंय भूमितीत. आकृतीतला कोन आणि रेघेवरची बारीक अक्षरं कशी दाखवायची?

मांडे_आधी_कुंदा_नंतर

पुस्तक सगळं मोठं करत बसू नका, वजनानेच मूल दमतं. फक्त आकृत्यांची पानं ए-थ्री कागदावर झेरॉक्स करून घ्या आणि अ, ब, क ही अक्षरं तिच्यासमोर जाड पेनने पुन्हा लिहा. कोनाला एक रंग, बाजूला दुसरा. पिवळा वापरू नका, पांढऱ्यावर दिसत नाही.