चेक इंजिनचा पिवळा दिवा, पावसात मिसिंग : सेन्सर बदलण्याआधी काय तपासावं?

मिऱ्या (रत्नागिरी)
गाडी २०१८ ची, १.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, ६४,००० किमी. समुद्र जवळ, गाडी उघड्यावर असते. पाऊस लागून राहिल्यापासून सकाळी पहिली पाचेक मिनिटं इंजिन थरथरतं. पिवळा दिवा सतत लागलेला, आणि चढाला ॲक्सिलरेटर दाबला की लुकलुकतो. स्कॅनमध्ये पी०३०२ आणि पी०१७१ असे दोन कोड आले. गॅरेजवाल्यांनी ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगितलाय. बदलावा का? घरी ठेवायला स्कॅनर कुठला घ्यावा? पुढच्या आठवड्यात आंबा घाटातून कोल्हापूरला जायचंय, गाडी न्यावी का?

कपलर (चिपळूण)
सेन्सर आत्ता घेऊ नका. पी०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे मिसिंग : तिथलं पेट्रोल नीट जळत नाही. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय असं ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतंय. हा दुसरा कोड बहुधा पहिल्यामुळेच आलाय. ठिणगी पडली नाही की त्या सिलिंडरमधला ऑक्सिजन न वापरता तसाच सायलेन्सरकडे जातो. सेन्सरला तो जास्तीचा ऑक्सिजन दिसतो आणि तो खरं तेच कळवतो. निरोप आणणाऱ्याला बदलून काय होणार?

घाटाचं : लुकलुकणाऱ्या दिव्यावर घाट अजिबात चढवू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा डबा) जाऊन जळतं, तो तापून आतली जाळी वितळते. तो खर्च कॉइलच्या (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) कितीतरी पट आहे. दिवा स्थिर असेल तर हळू चालवत गॅरेजपर्यंत जाता येतं.

आता तपासणी. आधी स्कॅनरवर फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून ठेवा. कोड आला त्या क्षणाचा आरपीएम, इंजिनचं तापमान आणि लोड त्यात असतो, कोड पुसला की तेही पुसलं जातं. थंड इंजिनवर, आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) कोड आलेला असेल तर ओलाव्याचा संशय पक्का होतो.

इंजिन थंड, किल्ली बंद. वरचं प्लॅस्टिक कव्हर काढा. एक नंबरचा सिलिंडर साधारणपणे टायमिंग चेनच्या बाजूचा, तिथून मोजा. कॉइलच्या कपलरचं (वायरच्या प्लॅस्टिक जोडाचं) लॉक दाबून कपलर सोडवा, वायर धरून ओढू नका. बहुतेक गाड्यांत एकेक बोल्ट असतो, १० चा पाना लागतो. कॉइल किंचित फिरवत वर काढा आणि टॉर्च मारून प्लगच्या खड्ड्यात बघा. पाणी किंवा गंज दिसला तर आधी हवा मारून खड्डा कोरडा करा. तसाच प्लग खोललात तर सगळी घाण सिलिंडरमध्ये पडेल.

मग कॉइलचं रबरी बूट (प्लगवर बसणारी खालची नळी) उजेडात धरून आतून बघा. केसाएवढी राखाडी किंवा काळी उभी रेघ दिसली तर तिथूनच ठिणगी बाहेर पळते. ओलावा असताना तिला ती वाट सोपी पडते, इंजिन तापून सुकलं की मिसिंग थांबतं. तुमची पहिली पाच मिनिटं म्हणजे नेमकं हेच.

खात्री करायला दोन आणि तीन नंबरच्या कॉइल आपसांत बदला, कोड पुसा, सकाळच्या थंड इंजिनवर गाडी चालवा. पी०३०३ (तीन नंबरचं मिसफायर) आला तर कॉइल किंवा बूट गेलं. पी०३०२ च राहिला तर प्लग आपसांत बदलून बघा. तरीही तोच आला तर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा. एका वेळी एकच वस्तू हलवा, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. प्लग बसवताना आधी हाताने फिरवून घ्या, शेवटचा पीळ मॅन्युअलमधल्या टॉर्कने. हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटा गेला की काम वाढतं.

खारा_वारा (मालवण)
वरच्याला जोडून. किनाऱ्यावर पार्ट जायच्या आधी कपलर जातो. कॉइल आणि इंजेक्टरच्या पिनांवर हिरवी भुकटी दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण सुकू द्या, मगच जोडा. डायलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस कपलरच्या रबरी सीलला पातळ लावा, पिनांत भरू नका.

बॉडी अर्थिंगही बघा. मल्टिमीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूला लावा आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ पट्टीचे बोल्ट खोलून घासा. चालू इंजिनवर बॅटरीला साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट हवेत.

घाटमाथा (साखरपा)
स्कॅनर : ईएलएम३२७ चा ब्लूटूथ डोंगल, सोबत टॉर्क किंवा कार स्कॅनर ॲप. आयफोन असेल तर वायफाय किंवा ब्लूटूथ एलईवाला घ्या, साधा ब्लूटूथ चालत नाही. तो लावायचं १६ पिनांचं सॉकेट स्टिअरिंगखाली असतं. काम झालं की डोंगल काढून ठेवा, उभ्या गाडीची बॅटरी उतरते.

मिसफायर गेल्यावरही पी०१७१ परत आला तर ॲपमध्ये फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. लाँग टर्म ट्रिम अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असावा. आयडलला अधिक २० आणि २,५०० आरपीएमला ५ वर उतरत असेल तर एअर फिल्टरनंतर कुठेतरी हवा शिरतेय, इनटेकचा होज बघा. उंदीरही कुरतडतात. ही खूण एमएएफ (आत येणारी हवा मोजणाऱ्या) सेन्सरच्या गाड्यांची. मॅप (इनटेकमधला दाब मोजणारा) सेन्सर असेल तर गळतीने बहुधा आयडलच वाढतं. लोडबरोबर ट्रिम वाढत गेला तर फ्युएल पंप किंवा फ्युएल फिल्टर.

पिवळा दिवा लागला की पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट करा हा अमेरिकन व्हिडिओतला उपाय इथे सहसा लागू पडत नाही. तिकडे टाकीची वाफ गळते का हे गाडी स्वतः तपासते.

मिऱ्या
दोन नंबरच्या बुटात राखाडी रेघ आहे, खड्ड्यात पाणीही होतं. कॉइल तीनवर लावल्यावर पी०३०३ आला. चारही कॉइल बदलू का?

कपलर
नको. बूट सुटं मिळत असेल तर बूट, नाहीतर ती एकच कॉइल. त्या प्लगच्या चिनीमातीवर तशीच रेघ असेल तर प्लगही बदला, नाहीतर नवीन बूटही लवकर जळेल. बाकी तीन बुटं उजेडात बघून घ्या.

पण पाणी आलं कुठून ते शोधल्याशिवाय बोनेट लावू नका. वायपरखालच्या जाळीत आंब्याची पानं साचून निचऱ्याचं भोक बुजतं आणि पाणी इंजिनवर उतरतं. जाळी काढून पानं उपसा, एक तांब्या पाणी ओता आणि ते चाकामागून खाली पडतंय का बघा.