टाकीवर काय लिहू: सामाजिक बांधिलकी की उत्तरदायित्व?

पेठची शिक्षिका: आमच्या झेडपीच्या शाळेला नाशिकजवळच्या अंबडच्या एका कंपनीने पाण्याची टाकी दिली, आता तिच्यावर काय लिहायचं यावरून वाद. कंपनीचा माणूस म्हणतो 'सामाजिक उत्तरदायित्व (सीएसआर) निधीतून', हेडसर म्हणतात 'बांधिलकीतून' लिहा, उत्तरदायित्व हा बोजड शब्द पालक वाचणार पण नाहीत, आणि सरपंच म्हणतात सरळ 'सौजन्याने' टाका.

सातपूरकर: मॅडम 'सौजन्याने' नको हो, वाढदिवसाच्या बॅनरवर ठीक. बांधिलकी म्हणजे आपणहून स्वतःला बांधून घेतलेलं, नाही पाळली तर कोणी विचारत नाही. इथे कायदा आहे, कंपनी कायदा २०१३, कलम १३५. नेटवर्थ (देणी वजा जाता उरलेली मालमत्ता) ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी बसलं तरी मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करायचे आणि ते होतात की नाही हे बघायचं संचालक मंडळाने, एचआरवाल्याने नाही.

गोदाकाठ: मग साधं 'जबाबदारी' म्हणा की, त्यात पण जबाब आहेच.

सातपूरकर: आहे ना, पण गंमत बघा, आधी खरंच नुसता जबाबच होता. पैसे नाही खर्चले तर बोर्डाने अहवालात कारण लिहायचं, संपला विषय. जानेवारी २०२१ पासून उरलेली रक्कम सरकारी फंडात भरा, चालू प्रकल्पाची असेल तर वेगळ्या खात्यात, नाहीतर दंड. म्हणजे उत्तर गेलं, दायित्व उरलं, ताळेबंदातलं देणं असतं तसलं.

जुना हिशोबनीस: उत्तर गेलं नाही दादा, कारण अजूनही लिहावंच लागतं. आणि 'संचालक' म्हटलं की आपल्याला बाजार समितीची निवडणूक आठवते, पण कंपनीत त्यांचीच सीएसआर समिती असते, साधारण ३ जणांची, त्यात एखादा स्वतंत्र संचालक, म्हणजे कंपनीशी हितसंबंध नसलेला. (५० लाखांपर्यंतच्या रकमेला समिती लागत नाही, बोर्डच बघतं.) आता हा 'स्वतंत्र' प्रमोटरचा कॉलेजमित्र निघाला तर शब्दाला काय चाटायचंय? कायदा म्हणतो कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या, पण आसपास म्हणजे शेजारचं सातपूर की लांबचं सुरगाणा हे मीटिंगमध्ये कोणीतरी विचारावं लागतं, नाहीतर फोटोला सोयीची शाळा आधी.

पेठची शिक्षिका: बरं, उत्तरदायित्वच लिहिते. पण पेंटर म्हणतोय एका ओळीत मावत नाही, 'उत्तर' वर आणि 'दायित्व' खाली येईल.

जुना हिशोबनीस: येऊ द्या ताई.