सोसायटी ग्रुप : वॉर सिमेट्रीत सापडलेल्या डब्याविषयी

बी-३०४ : सर्व सभासदांना नमस्कार. आज सकाळी खडकीच्या वॉर सिमेट्रीत गेलो असता तिथल्या माळीदादांनी माझ्या हाती निळ्या झाकणाचा एक डबा दिला. आत वही, पेन्सिलीचा तुकडा आणि आपल्याच सोसायटीतील पाच मुलांची नावे होती. एका शिळेपुढची फुलझाडे उकरून तो तिथे दडवला होता. हे कोणाच्या संमतीने झाले, ते कळावे.

ए-१०२ : काका, मुलांनी घराबाहेर पडावे म्हणून हा जिओकॅशिंगचा, म्हणजे जीपीएसच्या मदतीने लपवलेला डबा शोधण्याचा, खेळ मी ठरवला. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसचा अचूक संकेत सर्वांना खुला केला आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये पहिला डबा ठेवला गेला. आज तो जगभर खेळतात. आपण आधी मला फोन केला असता, तर बरे झाले असते.

सी-५०१ : लेखी परवानगीशिवाय तिथे काहीही ठेवू नये.

डी-२०३ : ए-१०२ मॅडम, मी सैन्यात नोकरी केली आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. तिथे दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ सैनिक विसावले आहेत. अधिकारी असो वा साधा शिपाई, शिळा सारखीच असावी, हे तत्त्व या दफनभूमीची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने पाळले आहे. पुष्कळ शिळांच्या तळाशी घरच्यांनी निवडलेली एक ओळ कोरलेली असते. अशा शिळेसमोरची माती उकरणे मला सहन होत नाही.

बी-१०४ : मुलेच आहेत. गेल्या वर्षी सहलीलाही अशीच आडकाठी झाली होती.

डी-२०३ : त्या सहलीचा येथे संबंध नाही.

सी-५०१ : पुन्हा लिहितो, लेखी परवानगीशिवाय तिथे काहीही ठेवू नये.

ए-३०१ : माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेले, ते परतलेच नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावर ४०,००० हून अधिक जणांची नोंद आहे, पण भारतीय शिपायांची नावे दगडावर कोरलेली नाहीत, पलटणीनुसार नुसता आकडा आहे. आमच्या घराण्याला हात टेकवायलाही दगड नाही. ज्यांना तो मिळाला, त्यांची नावे मुलांनी थांबून वाचावीत, एवढेच माझे मागणे आहे. डबा नकोच, शिळेवरचे वय आणि पलटण शोधून वहीत लिहिणे, हाच शोध ठेवता येईल.

ए-१०२ : ताई, हे वाचून मन भरून आले. जमीन खणू नये आणि जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी, हे खेळाचेही नियमच आहेत. ते मी पाळले नाहीत. काका, फोनबद्दल बोलले त्याची क्षमा असावी. आधी परवानगीचा अर्ज देते. उद्या पाचही मुलांना घेऊन माळीदादांकडे जाते आणि ते सांगतील तशी झाडे नीट लावून घेते. डबा न्यायला केव्हा येऊ?

बी-३०४ : साडेसहानंतर या. वही कोरडी आहे, ती मुलांना परत द्या.