टेस्ट ड्राइव्ह हायवेवर, गाडी जाणार जांबोटीच्या चिखलात: उपयोग काय?

मच्छेकर

घरात सध्या एकच विषय आहे. गाडी बदलायची आणि बदलायचीच तर फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी, घ्यायची. मी बेळगावच्या उद्यमबागेत कामाला, घर मच्छेत, आणि जांबोटीच्या अलीकडे थोडी भातशेती नि काजू. मुख्य रस्ता सोडला की शेतापर्यंत लाल मातीची गाडीवाट आहे. रोपलावणीच्या दिवसांत आमची आत्ताची हॅचबॅक डांबरावरच ठेवून खताची पोती डोक्यावरून न्यावी लागतात. यादीत दोनच नावं आहेत: महिंद्राची थार रॉक्स डिझेल आणि मारुतीची जिम्नी.

परवा शोरूमला गेलो. तिथल्या सेल्सच्या पोराने रॉक्स काढली, हायवेला घातली, सर्व्हिस रोडने परत आणली. एसी गार, गाणी जोरात, "सर, पिकअप बघा." फोर-बाय-फोरचं लिव्हर कुठे म्हणून विचारलं तर म्हणाला, "ते डिलिव्हरीच्या वेळी समजावून देऊ." वर गाडी होती पेट्रोल ऑटोमॅटिक. रॉक्समध्ये फोर-बाय-फोर फक्त डिझेलला येतं. म्हणजे जी गाडी मी घेणार, ती मी चालवलीच नाही!

माझं मत सरळ आहे. ऑफ-रोडच्या नावाने एवढे पैसे मागता, तर आमच्या वाटेवर चालवायला द्या, नाहीतर टेस्ट ड्राइव्ह हे नाव तरी देऊ नका. बैल घेताना माणूस दात बघतो, पण पैसे मोजण्याआधी एकदा औताला जुंपूनही बघतो. तुमचं काय म्हणणं?

काउंटरपलीकडून

मी काही वर्षं सेल्सला होतो (कुठल्या कंपनीत ते राहू दे). दुसरी बाजू ऐका.

डेमो गाडी डीलर स्वतःच्या पैशाने घेतो. ती दिवसभर फिरते आणि काही महिन्यांनी विकायची असते. तुमच्या वाटेवर खालून दगड लागून ऑइल पॅन फुटलं, तर भरपाई कोण देणार? तुम्ही देणार? इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न हाच विचारतो की गाडी कुठे आणि कशाला नेली होती. त्यात आलेल्या दहा जणांतले बरेचसे रील काढायला आलेले असतात. पोराला तुम्ही खरे गिऱ्हाईक की नाही हे कपाळावर वाचता येत नाही.

पेट्रोल गाडी दाखवली ही मात्र शोरूमची चूक, त्यात दुमत नाही. तीन दरवाज्यांच्या थारमध्ये हा घोळ जास्त होतो. २०२३ च्या जानेवारीत तिचं मागच्या चाकांवर चालणारं मॉडेल आलं, त्यात १.५ लिटरचं डिझेलही आहे. बाहेरून दिसायला जवळपास तीच गाडी. माणूस एक चालवतो नि दुसरी बुक करतो. म्हणून फोनवरच विचारायचं: इंजिन कुठलं, गिअर कुठला, फोर-बाय-फोर आहे का. नसेल तर जाऊ नका, बोलवून घ्यायला सांगा. दुसऱ्या शहरातल्या शाखेतून गाडी मागवता येते, पण ग्राहकाने अडून बसावं लागतं.

वडापवाला_कणकुंबी

कशाला एवढं डोकं लावूलाल्यात मंडळी? आमच्याकडं कणकुंबी, पारवाड, चोर्ला पट्ट्यात वडापच्या जीपा एवढी वर्षं धावूलाल्यात. आत माणसं, टपावर पोती, वरून धो धो पाऊस. किती जीपांना फोर-बाय-फोर हाय सांगा बघू? एकालाबी नसेल. मागच्या चाकावर वजन पडलं की गाडी चिखलातनं निघते, आणि नाही निघाली तर चार माणसं उतरून ढकलतात. शेताला जायला बोलेरो घ्या, उरलेल्या पैशात वाटेवर चार ट्रॉल्या मुरूम टाका. मग तुमची हॅचबॅकबी जाईल की. टेस्ट ड्राइव्हचा प्रश्नच मिटला.

गॅरेज_कट्टा

वडापवाल्या मामांचं निम्मं खरं आहे. मुरूम टाकण्यासारखा दुसरा इलाज नाही. पण ती वाट फक्त मच्छेकरांची आहे की चार शेतकऱ्यांची, हेही बघावं लागतं. मुरूम टाकणारा एक आणि उसाची ट्रॉली घालून तो उखडणारे तिघे, हे आपल्याकडे घरोघरी आहे.

आता मूळ प्रश्न. हायवेवरच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये ऑफ-रोड कळत नाही हे खरं. पण चिखल न मिळताही बरंच कळतं, बघायचं काय ते माहीत पाहिजे. मी गिऱ्हाइकांना हे सांगतो.

डेमो गाडी घेऊन एखाद्या मोकळ्या, मुरमाड जागेत जा. शोरूमच्या मागची कच्ची पार्किंगची जागासुद्धा चालते. गाडी थांबवा, क्लच दाबा, न्यूट्रल करा, लिव्हर फोर-एलला (फोर-बाय-फोरची लो रेंज: वेग कमी, ताकद जास्त) टाका. लिव्हर सहज पडतं की दोन हातांनी ओढावं लागतं ते बघा, कारण खरी गरज पडेल तेव्हा तुम्ही चिखलात, पावसात नि वैतागलेले असणार. मग पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडा आणि दोन्ही पाय पेडलवरून काढून घ्या. डिझेल गाडी ॲक्सिलरेटर न देता मुंगीच्या गतीने चढ चढायला लागते. तसाच उतार उतरवा, ब्रेकला पाय न लावता. इंजिन गाडीला किती धरून ठेवतं ते तिथं कळतं. जिम्नीचं १.५ पेट्रोल इथं जरा वेगळं वाटेल. टॉर्क (चाक फिरवायची ताकद) १३४ एनएमच आहे, पण गाडी हलकी, साधारण बाराशे किलो, त्यामुळे लो रेंजमध्ये तिला कमी समजू नका.

दुसरी गोष्ट. या गाड्या पार्ट-टाइम फोर-बाय-फोर आहेत, म्हणजे एरवी मागच्या चाकांवर चालतात. फोर-एच (नेहमीच्या वेगाचं फोर-बाय-फोर) टाकलं की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना जखडले जातात. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं, मागच्यांना कमी, आणि मधे ती तफावत सामावून घेणारं डिफरन्शियल नसतं. चिखलात किंवा मुरमावर चाक थोडं घसरतं नि ताण मोकळा होतो. कोरड्या डांबरावर मोकळा होत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की कुणीतरी मागून ब्रेक लावल्यासारखी गाडी अडखळते. डांबरावर फोर-एच टाकून "बघा सर, ग्रिप" म्हणणारा सेल्समन भेटला तर समजा की त्याला स्वतःलाच कुणी शिकवलेलं नाही.

तिसरी: पोट. शेताचा बांध ओलांडताना ग्राउंड क्लिअरन्सइतकंच व्हीलबेसही महत्त्वाचं असतं. रॉक्सचा व्हीलबेस २८५० मिमी, जिम्नीचा २५९०. जिम्नीचा क्लिअरन्स २१० मिमीच आहे, पण चाकं जवळ असल्यामुळे अरुंद, उंच बांधावर तिचं पोट टेकायची भीती कमी. टेप घेऊन जा, बांधाची उंची-रुंदी मोजून आणा, मग बोला.

मच्छेकर

याला म्हणतात उत्तर. बांध मोजतो. डिफरन्शियल लॉकचं काय?

गॅरेज_कट्टा

तिरकं खड्ड्यात गेलं नि एक चाक हवेत राहिलं की साधं डिफरन्शियल सगळी ताकद त्या हवेतल्या चाकाला देतं. ते फिरत बसतं, गाडी जागेवर. लॉकने दोन्ही चाकं बरोबर फिरतात. फोर्सच्या गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे लॉक आहे. रॉक्सच्या फोर-बाय-फोरला मागच्या ॲक्सलला मिळतं, तुमच्या व्हेरियंटला आहे का ते लिहून घ्या. जिम्नीत लॉक नाही, घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून गाडी ताकद दुसऱ्या चाकाकडे ढकलते. भातशेतीच्या वाटेला तेवढं पुरावं, असं माझं मत.

शहापूरची_सून

सगळे पुरुष अँगल आणि टॉर्कवर बोलताय, म्हणून लिहिते.

गाडी चिखलात जाणार वर्षातले थोडे दिवस. बाकीचे दिवस ती गणपत गल्लीत, खडेबाजारात, शाळेच्या गेटसमोर आणि डॉक्टरकडे जाणार. आमच्या घरी मागच्या वर्षी अशीच एक उंच गाडी बघायला आणली होती. ह्यांनी दोन फेऱ्या मारल्या, मुलं नाचली, सौदा ठरतच आला होता. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, मी बसून बघते. एका हाताने निऱ्या धरल्या, दुसऱ्या हाताने दाराचा हँडल, पाय पायरीवर टेकला. पण पायरी नि सीट यांमध्ये अजून एक ढांग होती. गुडघा वाकेना. मागे-पुढे झाल्या, मग खाली उतरून पदर सारखा करत म्हणाल्या, "छान आहे गाडी, तुम्ही जा." ती गाडी आली नाही.

माझ्या मते टेस्ट ड्राइव्ह म्हणजे हेच. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस आणि रोज गाडी चालवणारं माणूस, दोघांनी बसून बघायचं. आमच्याकडे रोज मी चालवते आणि शोरूमने मला मागच्या सीटवर बसवून ब्रोशर दिलं! रॉक्स १८७० मिमी रुंद आहे. ती गणपतीच्या दिवसांत गल्लीत घालून दाखवा, मग चिखलाचं बोलू.

वडापवाला_कणकुंबी

वहिनी बरोबर बोलल्या. आमच्या जीपला मागं पायरी आसतीय, म्हातारी माणसं हसत चढतात.

काउंटरपलीकडून

शहापूरच्या वहिनींशी थोडा असहमत. सासूबाईंच्या गुडघ्यावर गाडी ठरवायची असेल तर ऑफ-रोड गाडी बघायलाच जाऊ नये. उंची हाच तिचा गुण आहे. साइड स्टेप लावून घेता येते, पण ती खाली लोंबते आणि बांधावर पहिली तीच आपटते. दोन्ही पाहिजे म्हटलं तर दोन्ही अर्धवट मिळतं.

शहापूरची_सून

मग "फॅमिली एसयूव्ही" म्हणून का विकता?

चंदगडी

तुमचं भांडण चालू दे, मी पैशाचं बोलतो. कर्नाटकात १० ते २० लाखांच्या गाडीला लाइफटाइम टॅक्स १७ टक्के, वर सेस. आमच्याकडे महाराष्ट्रात त्याच किमतीच्या डिझेलला १४. चंदगडला पाहुणा असेल तर एमएच-०९ (कोल्हापूर) पासिंग करा, लाखाच्या आसपास वाचतील. तेवढ्यात एक वर्ष भाड्याने थार आणून हवं तिथं घाला, तीच खरी टेस्ट ड्राइव्ह.

टिळकवाडी_वकील

हा सल्ला दर पंधरा दिवसांनी कुणीतरी देतोच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली की नवीन नोंदणी लागते. शिवाय पत्ता मच्छेचा, नोकरी उद्यमबागेत आणि गाडी चंदगडची, हे आरटीओला दिसत नाही असं समजू नका. बेळगावचं केए-२२ पासिंग घ्या आणि शांत झोपा. सीमाप्रश्न एक पुरेसा आहे, गाडीचा वेगळा नको.

भाड्याच्या गाडीचं मात्र पटलं. एका दिवसाचं भाडं जाईल, पण सोबत सेल्समन नसतो. फक्त करारात ऑफ-रोडला मनाई असते का ते वाचा. बहुधा असतेच.

रानवाट

एक विनंती. टेस्टच्या नावाखाली हेम्माडगा, भीमगडच्या जंगलात गाड्या घालू नका. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. ओढ्यात गाडी घालून व्हिडिओ काढणारे वाढलेत आणि केस झाल्यावर "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणतात.

ब्रोशरमधल्या पाण्याच्या खोलीवरही जाऊ नका. रॉक्सला ६५० मिमी लिहिलंय, गुरखाला ७००. ते साचलेल्या पाण्याचं, खालची जमीन पक्की असतानाचं माप आहे. श्रावणातली मलप्रभेची ओढ वेगळी. वाहतं पाणी दारापर्यंत आलं की गाडी बाजूला सरकायला लागते, मग फोर-बाय-फोर असो नाहीतर वडाप.

मच्छेकर

सगळ्यांचे आभार, पण माझं मूळ म्हणणं मी सोडत नाही. काउंटरवाल्यांचं इन्शुरन्सचं पटलं. तरी गाडी देताना नफा घ्यायचा आणि धोका सगळा गिऱ्हाइकाच्या गळ्यात, हे बरोबर नाही. इगतपुरीला महिंद्राची ऑफ-रोड ट्रेनिंग अकादमी आहे. म्हणजे चिखलात गाडी कशी चालवायची ते शिकवणारी माणसं कंपनीकडे आहेत. मग बेळगावच्या एखाद्या माळावर चढ, खड्डा, चिखल असा साधा ट्रॅक करायला काय हरकत? देसूर-यळ्ळूरकडे माळ कमी आहेत का? फी घ्या, गाडी घेतली तर वळती करा.

आज परत फोन केला. डिझेल मॅन्युअल फोर-बाय-फोर पुढच्या आठवड्यात मागवतो म्हणाले, जांबोटीपर्यंत येतील. पण आधी बुकिंगची रक्कम भरा म्हणताहेत.

काउंटरपलीकडून

भरू नका. भरायचीच असेल तर "टेस्ट ड्राइव्हनंतर नको असल्यास पूर्ण परत" असं पावतीवर लिहून घ्या, शिक्क्यासह. तोंडी काही खरं नसतं, हे आतल्या माणसाचं मत समजा.

वडापवाला_कणकुंबी

जांबोटीत आलात की हाक मारा. मी जीप घेऊन येतो. दोन्ही गाड्या तुमच्या वाटेला घालू, कोण आधी बांधाला लागतंय बघू.

गॅरेज_कट्टा

हे भारी होईल. पण मच्छेकर, डेमो गाडीला टायर कुठले आहेत त्याचा फोटो आधी इथं टाका. गुळगुळीत हायवे टायर असतील तर लाल चिखलात ती वडापच्या जीपपुढे हरणार, आणि तुम्ही जिम्नी बुक करून मोकळे व्हाल.