एकोणीस वर्षांच्या आईनं शिकावं की कामाला लागावं?

महालवाली काकू:
परवा एका पोरीनं इथं विचारलं होतं. वय १९, बारावी सायन्स, लेकरू सात महिन्यांचं, नवरा नागपूरजवळ बुटीबोरी एमआयडीसीत कंत्राटावर. कॉलेजला जाऊ की हिंगण्याच्या एमआयडीसीत पॅकिंगचं काम धरू? त्यावर तर्री_पोहा या गृहस्थांनी एका ओळीत निकाल लावला: "आता शिकायची हौस कायले? पोट्ट्याचं दूध डिग्रीनं येते का?" दोन दिवस गप्प बसून पाहिलं, जमलं नाही. हौस? बाप्या माणसानं रात्री जागून पुस्तक उघडलं की ती जिद्द, बाईनं उघडलं की हौस! माझा मोठा दोन वर्षांचा असताना मी नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं बीए केलं. रविवारी अभ्यासकेंद्र, बाकी सहा दिवस कुकरच्या शिट्ट्या मोजत वाचन. त्याच बीएवर पतसंस्थेत लागले, २१ वर्षं झाली. आणि २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक कोर्सची फी माफ आहे. तेही हौसेपोटीच दिलं असेल सरकारनं.

तर्री_पोहा:
काकू, नमस्कार. फी माफ, मान्य. पण जीआर दाखवला तर डेअरीवाला पिशवी देते का? माझ्या बहिणीनं चार वर्षं घालून बी. फार्म केलं. आज मेडिकलच्या काउंटरवर बारा हजारांत उभी आहे. वरून कॉलेजात ७५ टक्के हजेरी लागते. लेकराला ताप आला की तुमचं सेमिस्टर गेलं. तुमच्या घरी तेव्हा सासूबाई होत्या ना सांभाळायला? ते नाही लिहिलं तुम्ही.

महालवाली काकू:
होत्या. आणि रोज ऐकवायच्याही. ते पण लिहू का?

बुटीबोरी_शिफ्ट:
तुम्ही दोघंही हवेत बोलून राहिले. मी नऊ वर्षं पॅकिंग लाइनवर सुपरवायझर आहे. कंत्राटी बाई पंचविशीत ज्या टेबलापाशी उभी असते, पस्तिशीतही तिथंच असते. पन्नास माणसं असली की पाळणाघर पाहिजे, २०१७ पासून कायदा आहे. आमच्याकडं पाळणाघराची पाटी आहे, आत रिकामी खोकी आहेत. सकाळच्या शिफ्टला ही पोरगी लेकरू कोणाच्या खांद्यावर टाकणार? आणि काम धर, काम धर म्हणता, नागपुरात काम आहे कुठं? विमानतळाजवळ कार्गो हब आणि कंपन्यांचा तो मिहान प्रकल्प, मिहान मिहान ऐकता ऐकता माझे केस पांढरे झाले.

खापरीकर:
मिहानवर घसरायची काही गरज? टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल दिसत नाही का तुम्हाला?

बुटीबोरी_शिफ्ट:
दिसतात ना भाऊ, मेट्रोच्या खिडकीतून. कार्गो हब होणार होता, त्याचं काय ते सांगा. शिवणगावच्या लोकांना विचारा मिहानला जमिनी देऊन काय हाती आलं.

खापरीकर:
माझा पुतण्या पुणे सोडून मिहानमध्ये आला. घरचं जेवतो, भाडं वाचवतो. अशी उदाहरणं तुम्हाला खुपतात.

तर्री_पोहा:
एक आला. आमच्या गल्लीतले अकरा पोट्टे पुण्यात आहेत. दिवाळीत ट्रॅव्हल्सवाले तीन-तीन हजार उकळतात ते काहून?

खापरीकर:
ट्रॅव्हल्सचं भाडं पण मिहाननंच वाढवलं का आता? धन्य आहे तुमची.

बुटीबोरी_शिफ्ट:
इथं नोकऱ्या असत्या तर पोट्टे गेले असते का? एवढं साधं डोक्यात जात नसेल तर राहू द्या.

लेकुरवाळी१९:
बाळ आत्ता झोपलं म्हणून वाचलं. मिहानचं तुमचं चालू द्या. सासूबाई सकाळी दोन घरी स्वयंपाकाला जातात, एक वाजल्यानंतर बाळाला पाहतात. दुपारनंतर शिकता येईल असं काही आहे का? आणि नवऱ्याला कोणीच विचारलं नाही की तू शिकणार की काम करणार, म्हणून मीच विचारलं. तो हसला.

महालवाली काकू:
हसला?! त्याला घेऊन ये एकदा इथं.

तर्री_पोहा:
काकू, जरा दम धरा. पोरी, आयटीआयमध्ये कोपा बघ, एक वर्षाचा ट्रेड आहे, कॉम्प्युटरचा. काही ठिकाणी दुसरी पाळी असते. प्रवेशाच्या वेळी स्वतः जाऊन विचार, फोनवर धड सांगत नाहीत. हे मी काकूंचं ऐकून म्हणत नाही आहे.

महालवाली काकू:
म्हणजे एक वर्षाची हौस चालते तर.

तर्री_पोहा:
हव. चार वर्षांची नाही.

खापरीकर:
आणि कोपा झाल्यावर अर्ज कुठं करणार? मिहानमध्येच ना?

बुटीबोरी_शिफ्ट:
सुरू झालं याचं परत.