मेंढीची कच्ची लोकर घरी कशी धुवायची? (टकळीवर कातायला)

अनघा_वाई:
आमच्या शेतात दरवर्षी धनगर मेंढ्या बसवतात, यंदा त्यांच्यातल्या मामांनी गोणीभर काळी लोकर दिली, सोबत कोकरांची थोडी मऊ लोकर वेगळ्या पिशवीत. मी टकळीवर सूत काढायला शिकतेय. पण लोकरीत कुसळं, गोखरू, लेंड्या, माती सगळंच आहे आणि वास तर विचारूच नका. व्हिडिओत सगळे कडक पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून तीन-चारदा धुतात. वॉशिंग मशीनच्या वूल मोडवर टाकली तर?

माणदेशी:
ताई मशीनमध्ये अजिबात नको. लोकरीच्या तंतूला बारीक खवले असतात, गरम पाणी, साबण आणि घुसळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि सगळा नमदा (घट्ट दाबलेला गोळा) होतो, मग पिंजता येत नाही. व्हिडिओतली लोकर बहुतेक मेरिनो जातीच्या मेंढीसारखी असते, तिला चरबी भरपूर. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड, केसाळ, चरबी कमी, माती मात्र मनसोक्त! त्यामुळे खरं काम कोरडंच आहे. जुन्या चादरीवर पसरा, शेपटीकडची लेंड्या चिकटलेली काढून झाडांच्या बुंध्यात टाका, खत होतं. बाकीची मूठ मूठ घेऊन झटका, मोकळी करा, गोखरू हातानेच काढावे लागतात, बारीक कुसळं पिंजताना पडतात. आणि मामांना एक विचारा, कातरायच्या आधी मेंढ्या ओढ्यात धुतल्या होत्या का? धुतल्या असतील तर निम्मं काम झालंय तुमचं.

रेवती७:
+१. झटकून झाली की रात्रभर साध्या गार पाण्यात बुडवून ठेव, मेंढीच्या घामातले क्षार गार पाण्यातच सुटतात, पाणी चहासारखं होतं. मग कांद्याच्या जाळीच्या पिशवीत सैल भरून रिठ्याच्या पाण्यात अर्धा तास. रिठे आदल्या रात्री भिजवायचे, उकळून गाळायचे, पाणी हाताला सोसेल इतकं गरम. फक्त दाबायचं, चोळायचं पिळायचं नाही, आणि वरून नळाची धार सोडायची नाही. नंतरचं पाणीही तेवढंच गरम घे, एकदम गार नको. धुण्याचा सोडा, ब्लीच, एन्झाइमवाली पावडर यातलं काही घालू नकोस, लोकर म्हणजे प्रथिन, खराब होते. वाळवायची सावलीत.

नीलिमा_न्यूझीलंड:
इथे मी रॉम्नी मेंढीची लोकर धुते, तिला ६० अंशांचं पाणी लागतं, कारण लॅनोलिन, म्हणजे लोकरीतली चरबी, साधारण ४० अंशांच्या आसपास वितळतं आणि पाणी निवलं की परत लोकरीवर बसतं. तुझी लोकर रिठ्यानंतरही बोटांना चिकट लागली तरच असं गरम पाणी कर, त्यात ती हलवू नकोस, आणि निवायच्या आत बाहेर काढ. चरबी पार काढायच्या मागे लागू नकोस, थोडी राहिली तर कातताना सूत छान सरकतं.

अनघा_वाई:
थँक्यू सगळ्यांना! रिठे आजच आणते. कोकरांची पण अशीच धुऊ का?

माणदेशी:
ती जावळाची लोकर ताई, घोंगड्यात सगळ्यात मऊ तीच. यात मिसळू नका, वेगळी धुवा, पाणी कोमटच ठेवा आणि हात कमीत कमी लावा, बारीक लोकर लवकर नमदते. वास बराच जाईल, थोडा राहील, तो सूत काढून झाल्यावर लडी परत धुतली की कमी होतो. आणि हातावर जखम असेल तर कच्ची लोकर निवडताना ग्लोव्हज घालाच, गोचीडही बघा.