जुन्या गोव्यातील हाड केतेवान राणीचे, हे डीएनएवरून कसे ठरले?

प्रश्न (शिक्षिका, फोंडा):
जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीन चर्चच्या अवशेषांत सापडलेले हाड जॉर्जियाच्या केतेवान राणीचे असावे, असे हैदराबादच्या सीसीएमबी (पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र) या संशोधन संस्थेने डीएनए तपासणीनंतर सांगितले. हे वर्गात शिकवत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, की राणीचा नमुनाच हाती नसताना तो डीएनए ताडून पाहिला कशाशी? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर १:
मुलीने नेमक्या मुद्द्यावर बोट ठेवले आहे. इराणच्या शाह अब्बासच्या हुकमावरून १६२४ मध्ये शिराझ येथे राणीला ठार मारण्यात आले आणि पुढे ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थी गोव्यात आणल्या. त्या कुठे ठेवल्या, याचा ठावठिकाणा पोर्तुगीज कागदपत्रांत होता आणि त्यावरूनच पुरातत्त्व खात्याने तेथे शोध घेतला. तपासणीत मुख्य भर होता तो मायटोकॉन्ड्रियातील, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म घटकांतील, डीएनएवर. तो केवळ आईकडून अपत्याकडे येतो आणि एकेका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असल्यामुळे जुन्या, झिजलेल्या हाडातही त्याचे तुकडे हाती लागण्याची शक्यता अधिक असते. या हाडात यू१बी हा मातृवंशगट, म्हणजे आईकडून चालत आलेल्या डीएनएतील समान खुणांवरून ठरणारा गट, आढळला. भारतातील हजारो नमुन्यांत तो मिळाला नाही, जॉर्जियातील लोकांत मात्र मिळाला. म्हणजे तुलना एका व्यक्तीशी नव्हे, तर लोकसमूहांशी झाली.

उत्तर २:
वरील खुलाशात एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. यू१बी हा वंशगट असंख्य स्त्रीपुरुषांत असतो, त्यामुळे एकट्या डीएनएवरून राणीचे नाव घेता येत नाही. संशोधकांनीही २०१४ च्या आपल्या निबंधात 'बहुधा' असाच शब्द वापरला आहे आणि मला तो प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. दस्तऐवज, उत्खननाची जागा आणि डीएनए या तिन्हींचा मेळ बसला, म्हणून निष्कर्षाला वजन आले. २०२१ मध्ये भारताने या अवशेषाचा एक भाग जॉर्जियाला सुपूर्द केला.

उत्तर ३:
पितृत्वाच्या दाव्यात किंवा गुन्ह्याच्या तपासात पेशीकेंद्रातील डीएनए पाहतात. त्याचा निम्मा वाटा आईकडून व निम्मा वडिलांकडून येतो आणि त्यातील पुनरावृत्त तुकड्यांची संख्या माणसागणिक बदलते, म्हणून तेथे थेट व्यक्तीपर्यंत पोहोचता येते. अनोळखी मृतदेह फार कुजलेला असेल आणि हा डीएनए पुरेसा मिळत नसेल, तर मायटोकॉन्ड्रियाचाच आधार घेतात. अशा वेळी आई, सख्खी भावंडे किंवा मावशी यांचा नमुना उपयोगी पडतो, वडिलांचा नाही. विद्यार्थिनीला हा फरक आधी समजावून द्यावा, म्हणजे राणीच्या बाबतीत वंशगटापाशीच का थांबावे लागले, हे तिचे तिला उमगेल.